मुलांचे शाळेचे बूट : टिकाऊपणाचा खरा हिशेब

उन्हाळ्याची सुटी संपत आली म्हणजे घरोघरीं खरेदीची यादी तयार होते. वह्या, पुस्तकें, गणवेष, दप्तर, छत्री. आणि सर्वांच्या शेवटीं, उरलेल्या पैशांत बसतील ते बूट. यादींत बुटांना मिळणारें हें शेवटचें स्थान मला अनुचित वाटतें. वही निकृष्ट निघाली तर शाई फुटते, गणवेष ढगळ झाला तर थोडें हसें होतें. पण बूट चुकीचा निघाला तर त्याचा परिणाम वाढत्या हाडांवर होतो. शिवाय एकत्र कुटुंबांत चार-पांच मुलांची खरेदी एकदमच करावी लागत असल्यामुळें खर्चाचा प्रश्नही गौण मानून चालत नाहीं. म्हणून पायाचें हित आणि घरची मिळकत या दोहोंचा मेळ कसा घालावा, याचा विचार येथें करावयाचा आहे.

पादत्राणांचा विचार आपल्याकडे नवा नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, मात्राशितीय नांवाच्या पांचव्या अध्यायांत, दिनचर्येचा उपदेश करतांना पादत्रधारणाचे गुण सांगितले आहेत. प्रौढ मनुष्याच्या प्रत्येक पावलांत २६ हाडें असतात. बालपणीं त्यांतील बराच भाग कूर्चेचा, म्हणजे मऊ व लवचिक असतो, आणि त्याचें पुरतें हाड होण्यास कुमारवय ओलांडावें लागतें. याचा एक परिणाम पालकांच्या ध्यानांत सहसा येत नाहीं. मऊ पाऊल अरुंद बुटांत दबून बसतें, पण फारसें दुखत नाहीं. मोठ्या माणसास बूट चावला तर तो दुसऱ्या दिवशीं घालीत नाहीं. सात वर्षांचें मूल मात्र ब्र न काढतां तोच बूट महिनोन् महिने वापरतें. वर्गावर असतांना मीं पुष्कळदां पाहिलें आहे कीं, कांहीं मुलांचे पाय बाकाखालीं बुटांतून अर्धे बाहेर काढलेले असतात, अथवा बुटाची टाच दुमडून तिच्यावर पाय ठेवलेला असतो. त्यास आपण वांडपणा म्हणतों. पुष्कळ वेळां ती बिचाऱ्या पायाची तक्रार असते.

याच्या उलट दुसरी चाल म्हणजे ‘वाढत्या अंगाचा’ बूट घेण्याची. सदऱ्याच्या बाबतींत ही चाल शहाणपणाची आहे, कारण बाही दुमडतां येते. बूट दुमडतां येत नाहीं. मोठ्या बुटांत पाऊल पुढें-मागें घसरतें, बूट धरून ठेवण्यासाठीं बोटें आंखडावीं लागतात आणि टाचेला फोड येतात. शिवाय जेथें वांकावयास हवा तेथें न वांकतां बूट भलतीकडेच वांकतो व लवकर तडकतो. दोन वर्षें पुरावा म्हणून घेतलेला बूट अशा रीतीनें पायाला नीट बसण्यापूर्वींच जुना होतो.

मग जागा सोडावी तरी किती? सर्वांत लांब बोटाच्या पुढें अंगठ्याच्या रुंदीएवढी, म्हणजे सुमारें अर्धा इंच. इंग्रजी मापांत एका नंबराचें अंतर इंचाच्या तिसऱ्या हिश्शाएवढें, म्हणजे साडेआठ मिलिमीटरांच्या जवळपास असतें. याचें मूळ जवाच्या दाण्यांत आहे, तीन दाण्यांचा एक इंच. युरोपीय मापांत तेंच अंतर सेंटिमीटरच्या दोनतृतीयांशाएवढें असतें. म्हणून नंबर सांगतांना तो कोणत्या मापाचा, हें विचारून घ्यावें. लांबीइतकेंच महत्त्व रुंदीला आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म-संशोधन संस्थेनें २०२१-२२ सालीं देशभर लाखाहून अधिक लोकांच्या पावलांचीं मापें घेतलीं, तेव्हां भारतीय पाऊल युरोपीय पावलापेक्षां रुंद असल्याचें आढळलें. चवडा आवळतो म्हणून आपण एक नंबर मोठा घेतों, आणि बूट लांबीला ढिला पडतो. यावर उपाय मोठ्या नंबराचा नव्हे, तर रुंद चवड्याच्या बुटाचा आहे. याच पाहणीप्रमाणें मुलींच्या पावलांची वाढ सरासरीनें अकराव्या वर्षाच्या सुमारास व मुलग्यांची पंधराव्या-सोळाव्या वर्षीं पुरी होत येते.

ही गोष्ट ध्यानांत ठेवून किमतीकडे वळूं. समजा, ६०० रुपयांचा एक बूट शाळेचे १२० दिवस टिकतो. रोजचे पांच रुपये झाले. १,२०० रुपयांचा दुसरा ३०० दिवस टिकतो. रोजचे चारच रुपये. महाग तोच स्वस्त ठरला. परंतु सात वर्षांच्या मुलाचें पाऊल १८० दिवसांतच त्या बुटांत मावेनासें झालें, तर तोच बूट दिवसाला सहा रुपये सदुसष्ट पैशांस पडला, आणि त्याचा उरलेला टिकाऊपणा माळ्यावर पडून राहिला. सोळा वर्षांच्या मुलाकडून मात्र तीनशेंच्या तीनशें दिवस वसूल होतात. तात्पर्य, टिकाऊपणा हा केवळ बुटाचा गुण नव्हे. तो पायाच्या वाढीच्या वेगाशीं जुळला तरच त्याला मोल आहे. लहान मुलांस मध्यम किमतीचा पण पायाला चोख बसणारा बूट घ्यावा; वाढ मंदावल्यावर मात्र चांगल्या कातड्याचा, शिवलेल्या तळाचा व पुन्हां तळ बसवितां येईल असा घ्यावा.

खरेदीची वेळही विचार करण्यासारखी आहे. आपल्याकडे बहुतेक शाळा जूनच्या मध्यास उघडतात आणि पाऊसही त्याच सुमारास येतो. कोंकणांत, मुंबईस किंवा घाटमाथ्यालगत जूनमधील नवा कातडी बूट पहिले तीन-चार महिने चिखलांत काढतो, आणि दसऱ्यापर्यंत पाऊलही थोडेंबहुत वाढलेलें असतें. ज्या शाळा पावसाळ्यांत सँडल चालवून घेतात, तेथें जूनमध्यें टाचेस पट्टा असलेले साधे पावसाळी सँडल घ्यावे व बूट नवरात्राच्या सुमारास घ्यावा. जेथें ही मुभा नाहीं, तेथें चार पालकांनीं मिळून मुख्याध्यापकांस विनंती करण्यास हरकत नाहीं.

दुकानांत मुलास बरोबर न्यावें. जुन्या बुटाच्या मापानें नवा आणूं नये. दिवसभराच्या हालचालीनें पाय किंचित् फुगतात, म्हणून संध्याकाळीं जावें व शाळेचे पायमोजे घालूनच बूट पाहावा. दोन्ही पाय अगदीं सारखे क्वचितच असतात. मोठ्या पायास बसेल तो नंबर घ्यावा. आंतील गादी सुटी असल्यास ती काढून तिच्यावर मुलास उभें करावें. पुढें किती जागा उरते व चवडा कडेबाहेर जातो कीं काय, हें डोळ्यांना स्पष्ट दिसतें. नंतर बूट हातांनीं वांकवून पाहावा. तो बोटांच्या मुळाशीं वांकावा, मध्यभागीं मोडूं नये. टाचेमागील भाग चिमटींत धरून दाबल्यास चेपतां कामा नये. शेवटीं मुलास दुकानांत दहा-वीस पावलें चालवावें व टाच निसटते काय तें पाहावें.

आतां एकत्र कुटुंबांतील एका नाजूक गोष्टीविषयीं. थोरल्याचीं पुस्तकें, सदरे, कंपासपेटी धाकट्यास खुशाल द्यावीं; तींत कांहीं उणेपणा नाहीं. बूट मात्र कांहीं महिन्यांत पहिल्या पायाचा ठसा घेतो. गादींत बोटांचे खळगे पडतात, टाच एका अंगास झिजते, आणि दुसऱ्या मुलास त्यांत पहिल्याच्या चालीनें चालावें लागतें. म्हणून जुना बूट मेजावर ठेवून मागून पाहावा. टाच सरळ व गादी सपाट असेल तरच तो पुढें द्यावा. हलक्या पॉलियुरेथेनच्या तळाचे बूट तर वर्षानुवर्षें जपून ठेवूंच नयेत. दमट हवेनें त्या तळाचा भुगा होतो. काटकसर अवश्य करावी, पण ती दरवेळीं एकाच भावंडाच्या पायावर होऊं नये. घरांतील धाकटी मुलगी कोणाचे बूट घालून शाळेस जाते, हें प्रत्येकानें एकदां पाहावें.

राहतां राहिली निगा. भिजलेला बूट शेगडीजवळ वा कडक उन्हांत ठेवूं नये, कातडें ताठून तडकतें. आंत वर्तमानपत्राचे बोळे घालून तो सावलींत वाळवावा. आठवड्यास एकदां पॉलिश करण्याचें काम मुलांकडेच सोंपवावें. नाडी न सोडतां टाचेवर टाच देऊन बूट ओढून काढण्याची संवय मोडावी. शिवण उसवूं लागतांच कोपऱ्यावरील गटई कामगाराकडे बूट न्यावा. त्याच्या चार टांक्यांनीं कित्येक महिन्यांचें आयुष्य वाढतें. आणि दर तीन महिन्यांनीं, घरांतील आजोबांनीं सर्व मुलांस ओळीनें बसवून प्रत्येकाच्या पावलाची आकृति कागदावर काढावी, तिच्यावर नांव व तारीख घालावी, आणि ती कापून बुटांत सरकवून पाहावी. नवा बूट केव्हां घ्यावयाचा व कोणासाठीं, हें शाळेची यादी किंवा दुकानाची जाहिरात यांपेक्षां तो कागदच अधिक खरें सांगेल.