नावातला आकडा म्हणजे दिलेला शब्द

लिनक्सवर सी भाषेच्या पायाभूत लायब्ररीचे नाव १९९७ पासून तेच आहे : 'लिबसी.एसओ.६'. दरम्यान या लायब्ररीच्या, म्हणजे जीलिबसीच्या, कितीतरी आवृत्त्या निघाल्या, शेवटचा सहा मात्र हलला नाही. लायब्ररी किती नवी आहे हे सांगणे त्या आकड्याचे कामच नाही. प्रोग्राम बांधताना लायब्ररीचे हे नाव, म्हणजे 'सोनेम', त्यात नोंदले जाते आणि प्रोग्राम सुरू होताना लोडर तेच नाव शोधतो. त्या नावाची फाइल बहुधा नुसती लिंक असते, पूर्ण आवृत्तिक्रमांक असलेल्या खऱ्या फाइलकडे नेणारी. खरी फाइल बदलली, पण सोनेम तेच राहिले, तर जुना प्रोग्राम पुन्हा न बांधता चालेल, असा शब्द लायब्ररीच्या लेखकाने दिलेला असतो. एखादे फंक्शन काढले किंवा रचनेची मांडणी बदलली, तरच आकडा वाढवायचा.

या शिस्तीचे मोल एप्रिल २०१४ मध्ये दिसले. ओपनएसएसएल या लायब्ररीतला हार्टब्लीड दोष उघड झाला. सर्व्हरच्या मेमरीतली गुपिते बाहेर पडू शकत होती. दोष १.०.१ मालिकेत होता, तिचे सोनेम मात्र १.०.० हेच होते, कारण शब्द मोडलेला नव्हता. म्हणून डेबियनवर लायब्ररीचे पॅकेज अद्ययावत करून सेवा पुन्हा सुरू केल्या, की त्या लायब्ररीवर चालणारे वेब आणि मेल सर्व्हर दुरुस्त कोड वापरू लागत. (गुप्त किल्ल्या बदलण्याचे काम उरलेच.) लायब्ररी ज्या प्रोग्रामांच्या पोटातच बांधलेली होती, ते एकेक शोधून नव्याने बांधण्यावाचून इलाज नव्हता. डिस्क स्वस्त झाली, आता प्रत्येक प्रोग्रामने आपली प्रत कंटेनरमध्ये बाळगावी, असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब मांडलेला नसतो.

एका आकड्यात सगळे मावत नाही, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. 'मेमकॉपी' फंक्शनला एकमेकांवर चढलेले मेमरीचे भाग देऊ नयेत, असा नियम आहे. काही प्रोग्राम तो मोडूनही चालत होते. फंक्शन वेगवान करताच ते बिघडले. नियमाने चूक त्यांची, पण त्रास वापरणाऱ्याला. २०११ च्या २.१४ आवृत्तीत जीलिबसीने सोनेम न बदलता त्या एका फंक्शनलाच नवी आवृत्ती दिली आणि जुन्या प्रोग्रामांसाठी जुने वर्तन जपले. असे जुने ओझे वर्षानुवर्षे वाहणे कष्टाचे आहे, तरी ते कष्ट हजारो प्रोग्राम लिहिणाऱ्यांऐवजी लायब्ररीकर्त्यांनीच उचलावेत. नवी आवृत्ती सोडण्याआधी लिबअबिगेलसारख्या साधनाने जुनी आणि नवी फाइल ताडून पाहावी आणि सोनेमचा आकडा प्रकाशनाच्या आवृत्तीशी जुळवण्याचा मोह टाळावा.