आर्द्रेचा तांबडा महातारा

वैशाखाच्या आरंभी टिटवाळ्यात काळू नदीच्या काठी उभे राहून दिवेलागणीनंतर पश्चिमेकडे पाहावे. मृग मावळतीकडे झुकलेला असतो. त्याच्या पोटातील तीन ताऱ्यांचा बाण ओळखला, की उजवीकडे, थोडा वर, एक तांबूस तारा दिसतो. तोच आर्द्रेचा योगतारा; त्याला काक्षी असेही म्हणतात. आपल्या शेतकऱ्याला आर्द्रा ठाऊक आहे ती पावसाची. पण हा तारा मुळात आहे तरी काय?

पहिली साक्ष त्याच्या रंगाची. लोहाराच्या भट्टीतले लोखंड आधी लाल होते, मग पिवळे, मग पांढरे. लाली ही कमी तापाची खूण. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,८०० केल्व्हिन, तर या ताऱ्याचे ३,५०० च्या आसपास. म्हणजे त्याचा एक चौरस फूट पृष्ठभाग सूर्याच्या तेवढ्याच पृष्ठभागाच्या जेमतेम सातवा हिस्सा तेज बाहेर टाकतो. तरीही सगळा तारा मिळून सूर्याच्या ऐंशी हजार ते लाख पट तेजस्वी! उलगडा एकच, त्याचे अंग अफाट असले पाहिजे.

हा झाला तर्क. प्रत्यक्ष मोजमाप झाले ते १९२० च्या डिसेंबरात. अमेरिकेत माउंट विल्सन येथील शंभर इंची दुर्बिणीवर वीस फुटी तुळई चढवून मायकेलसन आणि पीज यांनी त्याचा कोनीय व्यास मोजला. तो विकलेच्या सुमारे एकविसाव्या भागाएवढा भरला. (अंशाचा ३,६०० वा भाग म्हणजे विकला.) सूर्याखेरीज दुसऱ्या ताऱ्याचा व्यास असा मोजला गेला तो हा पहिलाच.

अंतर ५५० प्रकाशवर्षे धरले, आणि काहीजण ते सातशेपर्यंत नेतात, तर त्रिज्या सूर्याच्या साडेसातशे पट येते. सूर्याला दोन मिलिमीटरची मोहरी माना. मग हा तारा पाच फूट व्यासाचा गोल होईल. तो गोल टिटवाळ्यात ठेवला, तर मोहरी ठेवायला लंडन गाठावे लागेल!

मात्र ‘महाकाय’ या शब्दाने फसू नये. त्याचे वस्तुमान सोळा ते एकोणीस सूर्यांएवढेच आहे. एवढेसे द्रव्य एवढ्या जागेत पसरले, की सरासरी घनता आपल्या हवेच्या वीस हजाराव्या हिश्शाएवढी उरते. बाहेरचे थर तर त्याहूनही विरळ, आणि त्यांच्यावर गुरुत्वाकर्षणाची पकड सैल. म्हणून त्यांतले द्रव्य सुटून जात असते.

२०१९ च्या अखेरीस हा तारा मंद होऊ लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये अगदीच फिका पडला. स्फोट जवळ आला, अशी आवई उठली. पुढे निष्कर्ष निघाला तो साधा होता: पृष्ठभागावरून वायूचा मोठा लोट सुटला, तो निवून त्याची धूळ झाली, आणि त्या धुळीने ताऱ्याचा काही भाग झाकला. दोन-तीन महिन्यांत तारा पूर्ववत झाला.

स्फोट होणार हे खरे. पण बहुतेक अभ्यासकांच्या मते त्याला लाखभर वर्षांचा अवकाश आहे. झाला तर तो तारा दिवसाढवळ्या दिसेल. इतक्या अंतरावरून पृथ्वीला मात्र त्याचा अपाय नाही.