काटा खरें सांगतो काय?

फटफटी सर्वांनीं पाहिलेली असते. परंतु तिचें यंत्र जळून कां जात नाहीं, याचा विचार थोडेच करतात. आपल्याकडील जुन्या बुलेट व जावा गाड्यांच्या सिलिंडरांभोंवती धातूच्या पातळ पट्ट्या असतात, व त्यांवरून वाहणारा वारा उष्णता हरण करतो. तेथें पाणी नाहीं व पंखाही नाहीं. जपानांतील होंडा कंपनीनें १९७५ सालीं विक्रीस आणलेली ‘गोल्ड विंग जीएल १०००’ ही गाडी मात्र निराळी. तिचे चार सिलिंडर आडवे व समोरासमोर असून घनफळ ९९९ घन सेंटिमीटर आहे, आणि त्यांच्याभोंवतीं मोटारीप्रमाणें पाणी खेळविलेलें असतें. हौशी लोक या गाड्या आजही जतन करतात. काटा तांबड्या खुणेकडे गेला व पंखा फिरला नाहीं, तर दोष कोणाचा? याचें उत्तर कसें शोधावें हें आम्ही येथें सांगणार आहों.

प्रथम रचना पाहूं. पंपानें ढकललेलें पाणी यंत्राची उष्णता घेऊन पुढील रेडिएटरांत येतें व तेथील बारीक नळ्यांतून जातांना वाऱ्यानें निवतें. गाडी धांवत असतां हा वारा पुरतो. गर्दींत ती उभी राहिली कीं वारा थांबतो. म्हणून रेडिएटरमागें विजेचा पंखा असतो. पाणी ठराविक मर्यादेपर्यंत तापलें म्हणजे एक स्विच आपोआप जुळून तो पंखा सुरू करतो. काट्यास खबर देणारा सेन्सर मात्र वेगळा. तो जसजसा तापतो तसतसा त्याचा विजेस होणारा विरोध कमी होतो व काटा वर चढतो. अर्थात् पंखा व काटा हे दोन स्वतंत्र साक्षीदार होत. एक चुकला म्हणून दुसराही चुकला, असें मानूं नये.

आतां परीक्षा. यंत्र पूर्ण निवल्यावांचून रेडिएटरचें झांकण कदापि काढूं नये. पाणी समुद्रसपाटीवर १०० अंशांस उकळतें; परंतु बंद रेडिएटरांत दाब वातावरणाच्या दुप्पट झाला, तर तें सुमारें १२० अंशांपर्यंत उकळत नाहीं. झांकण उघडतांच दाब उतरतो, आणि तेंच पाणी वाफेसह तोंडावर उसळतें. निवल्यावर पाण्याची पातळी पाहावी. ती फार उतरली असल्यास सेन्सर उघडा पडतो, आणि यंत्र भाजत असतांही काटा खालींच राहतो. हा सर्वांत घातक प्रकार होय. कारण काटा भिववीत नाहीं, उलट धीर देतो.

नंतर पंख्याकडे वळावें. फ्यूज पाहावा व तारांच्या जोडांवरील गंज खरवडावा. मग किल्ली चालू करून, स्विच वगळून तारा जोडाव्या. पंखा फिरला तर दोष स्विचचा. न फिरल्यास त्यास बॅटरीची वीज सरळ द्यावी. आतां फिरला तर दोष वाटेंतील तारांचा. तरीही न फिरला तर त्याच्या मोटरचा. या वेळीं बोटें पात्यांपासून दूर ठेवावीं.

काट्याची परीक्षा याहून सोपी आहे. किल्ली चालू असतां सेन्सरची तार सोडविली, तर काटा खालीं राहावा. ती क्षणभर सांगाड्याच्या उघड्या धातूस टेकविली, तर वर चढावा. तसें झाल्यास काटा व तार निर्दोष. संशय सेन्सरवर येतो.

गाडी केव्हां तापते हेंही विचारावें. उभी असतां तापते व धांवतां निवते, तर पंखा पाहावा. वेगांतही तापत असेल, तर पंख्यास दोष देणें व्यर्थ. चोंदलेला रेडिएटर, न उघडणारी थर्मोस्टॅटची झडप, किंवा पंप तपासावा.

जुन्या गाडीचे भाग दुर्मिळ व महाग असतात. परीक्षा न करितां नवा पंखा आणणारा पैसे गमावतो. आणि काट्यावर अंधविश्वास ठेवणारा यंत्रच गमावतो. विद्यार्थ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, साक्षीदाराचें म्हणणें ऐकावें, परंतु निकाल देण्यापूर्वीं त्याचीही उलटतपासणी करावी.