कॅप्टनला उडीच येत नाही!

व्हीव्हीव्हीव्हीव्हीव्ही! दचकू नकोस, हे एका व्हिडिओ गेमचं नाव आहे. मोज बरं, सहा वेळा ‘व्ही’! आयर्लंडच्या टेरी कॅव्हनानं २०१० साली हा गेम आणला.

यातला हिरो म्हणजे चिमुकला कॅप्टन व्हिरिडियन. त्याचं यान बिघडलंय आणि पाच सोबती हरवलेत. सगळ्यांची नावं ‘व्ही’वरूनच सुरू होतात! त्यांना शोधायचंय. वाटेत खड्डे आणि टोकदार काटे. आता ओळख बघू, या कॅप्टनला किती उंच उडी मारता येते?

अजिबात नाही! बोटभरसुद्धा नाही!

मग येतं काय? डावीकडे-उजवीकडे चालता येतं. आणि त्याच्याकडे आहे एकच जादूचं बटण. ते दाबलं की गुरुत्वाकर्षण उलटं होतं! हातातला चेंडू सोडला की तो खाली पडतो ना? पृथ्वी त्याला ओढते. त्या ओढीलाच म्हणतात गुरुत्वाकर्षण. कॅप्टन तीच फिरवतो!

समज, तुझ्या वर्गात असं बटण आहे. दाबलं, आणि धप्प! तू थेट छतावर! पंख्याचा दांडा रोपासारखा पायाशी उगवलेला. बाकं आणि बाई डोक्यावर उलट्या! पुन्हा दाबलं की धप्प, परत खाली.

पण थांब, एक अट आहे. हवेत असताना बटण चालत नाही! पाय कुठेतरी टेकायलाच हवेत. म्हणजे एकदा निघालं की मधेच माघार नाही. हवेत फक्त डावी-उजवीकडे सरकता येतं. म्हणून कुठून निघायचं, हे आधीच ठरवावं लागतं. बटण एकच, पण डोकं किती चालवायचं!

बरं, ओढ उलटी होते कशी? गेमच्या आत पृथ्वी थोडीच असते! तिथे असतो फक्त एक आकडा. कॉम्प्युटर तो कॅप्टनच्या वेगात भराभर मिळवत राहतो, म्हणून कॅप्टन वेगानं खाली येतो. बटण दाबलं की त्याच आकड्याआधी वजाचं चिन्ह लागतं. झालं! खालचं वर! तुझ्या गणिताच्या वहीतलं ते इवलंसं वजा!

आता माझी सगळ्यात लाडकी जागा. एका खोलीत चकचकीत बक्षीस ठेवलंय. मधे काय? उंबऱ्याएवढा ठोकळा! तू चालता चालता ओलांडशील. पण कॅप्टनला उडी कुठे येते?

मग काय करायचं? बटण दाबायचं आणि वर ‘पडायचं’! एक खोली, दुसरी, तिसरी... एकावर एक खोल्या, दोन्ही बाजूंना काटेच काटे. अगदी टोकाला पोचलं की पुन्हा बटण, आणि त्याच काट्यांमधून सुसाट खाली. तळाशी आल्यावर उतरायचं ठोकळ्याच्या पलीकडे! वाटेत एक काटा जरी लागला, तरी पुन्हा तळापासून सुरुवात.

एवढा सगळा खटाटोप, एक उंबरा ओलांडायला! आणि खरी गंमत तर पुढेच आहे. ते बक्षीस घेतलं नाही, तरी सोबती सापडतात आणि गेम पूर्ण होतो. पण ते समोर चकाकत असतं ना! मग कोण सोडणार?