शंभर पेशी

सकाळी साडेसातला लॅबचं शटर अर्धंच वर असतं, मी वाकून आत जाते. रक्त घेणाऱ्या ताईंना शीर शोधावी लागत नाही. डाव्या कोपराच्या आतली, ठरलेली. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त भरलं की त्या ती झटकत नाहीत, हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटी-सुलटी करतात. आतलं ईडीटीए रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून गुठळी होत नाही. झटकली तर पेशी फुटतात.

ल्युपसने माझ्या मूत्रपिंडांना सूज आणली. स्टेरॉइड कमी करता यावं म्हणून डॉक्टरांनी अॅझाथायोप्रिन सुरू केलं, आधी ५० मिलिग्रॅम, मग १००. स्वतःच्याच शरीरावर उठलेल्या पेशींची वाढ ते रोखतं. पण अस्थिमज्जेतही पेशी सतत विभागत असतात, आणि औषधाला हा फरक कळत नाही. लाल पेशी १२० दिवस जगतात, म्हणून माझं हिमोग्लोबिन बरं दिसत होतं. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, रक्तात जेमतेम दिवसभर टिकतात. मज्जेचं काम मंदावलं की पहिली टंचाई त्यांचीच.

पाचव्या आठवड्यात मशीनने पांढऱ्या पेशी १,९०० दाखवल्या. मशीनवर न थांबता ताईंनी काच घेतली. "मी बघू का?" म्हटलं, तर त्यांनी स्टूल पुढे सरकवलं.

काचेवर रक्ताचा एक थेंब. दुसरी काच तिरकी धरून त्याला टेकवली, थेंब कडेला पसरू दिला आणि एका दमात पुढे ओढली. जिभेच्या आकाराचा पातळ थर उमटला. तो वाळला, लेशमन रंगात न्हाला, धुतला गेला. मग सूक्ष्मदर्शकाखाली शंभर पांढऱ्या पेशींची मोजणी. डोळा वर, बोटं खाली बटणांवर, टक, टक. मधे कोणी रिपोर्ट मागायला आलं तर नुसता हात वर. शंभरात ४२ न्यूट्रोफिल निघाले. १,९०० चे ४२ टक्के म्हणजे ७९८. १,५०० च्या खाली कमी, ५०० च्या खाली गंभीर.

त्याच दिवशी गोळी थांबली. डॉक्टर फोनवर म्हणाले, "ताप १००.४ झाला की पॅरासिटामॉल घेऊन वाट बघायची नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं."

हे वाक्य मी स्वयंपाकघरात मोठ्या अक्षरांत लावलं आहे. आपल्या घरांत अंग तापलं की आधी गोळी, मग डॉक्टर. पू होतो तो मुख्यतः न्यूट्रोफिलांमुळे. तेच नसले तर जखम चिघळूनही नीट लाल होत नाही, पू धरत नाही. ताप हीच एक हाक उरते. स्टेरॉइड तीही दबकी करतं. वर गोळी घेतली तर काहीच ऐकू येणार नाही.

शेजारच्या काकूंनी मायेने पपईच्या पानांचा रस पाठवला, वहिनींनी बीट. न्यूट्रोफिल त्याने वाढत नाहीत, हे समजावून सांगणं मला तापापेक्षा जड गेलं. जंतूंपासून जपायचं म्हणून तुळशीच्या मातीचं काम नवऱ्याने हातात घेतलं. बाहेरची भेळ, उघडी चटणी बंद. घरची काकडी मात्र धुऊन, सोलून खाल्ली.

मधल्या काळात जनुकीय तपासणी झाली. एनयूडीटी१५ नावाच्या जनुकाची माझी एक प्रत वेगळी निघाली. त्यामुळे अॅझाथायोप्रिन माझ्या शरीरात नीट निष्प्रभ होत नाही. आशियाई लोकांत हा बदल बराच आढळतो. आता काउंट सावरले की २५ मिलिग्रॅमपासून पुन्हा सुरुवात. ही तपासणी पहिल्या गोळीच्या आधी झाली असती तर, असं मला फार वाटतं.

परवाच्या सोमवारी पांढऱ्या पेशींचा एकूण आकडा २,१०० होता. माझा चेहरा बघून ताई थांबल्या.

"काकू, मोनोसाइट बघा, शंभरात १४ झालेत. मज्जा उठताना बहुतेक हे आधी येतात. न्यूट्रोफिल मागून."

मी डोळा लावला. जांभळट, घडी पडलेल्या केंद्रकाची एक मोठी पेशी मधोमध होती. ताईंनी काच किंचित सरकवली, आणि दुसरी आली.