डेबिट कार्डावरचा ‘कॅशबॅक’ येतो कोठून?



उसाचे बिल बँकेत जमा होते, कार्डही हाती असते. त्यावर खरेदी केल्यास काही पैसे परत, या जाहिरातींबद्दल आमच्याकडे वारंवार विचारणा होते.

बँक हे पदरचे देत नाही. कार्ड वापरले की दुकानदाराच्या रकमेतून कमिशन कापले जाते. २० लाखांवर उलाढाल असलेल्या दुकानदारास रिझर्व्ह बँकेने २०१८ पासून त्याची कमाल मर्यादा शेकडा ९० पैसे ठेवली. परतावा बहुधा यातलाच. रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून हे कमिशनच नाही. तेथे परतावा मिळालाच तर एखाद्या खास योजनेचा.

आता हिशेब बघा. महिना ४,००० रुपयांचा किराणा, परतावा शेकडा एक. वर्षाचे झाले ४८०. कार्डाची वार्षिक फी समजा ३००, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५४. उरले १२६! फी ५०० असली तर उलट ११० रुपये खिशातूनच गेले. एटीएममधून काढलेल्या रोकडीवर तर सहसा काहीच नाही. फी किती कापली ते पासबुक भरून घेतल्यावर कळते, पण भरून घेतो कोण?

आणि ‘कॅशबॅक जमा करतो, पिन सांगा’ असा फोन आला तर सरळ ठेवून द्यावा. पैसे घ्यायला पिन लागत नाही.