टोमॅटो, परसबागेतील हळवा संकरज

टोमॅटो : (भेदरे, वेलवांगी; हिं. टमाटर, लॅ. सोलॅनम लायकोपर्सिकम, कुल–सोलॅनेसी). मूळ दक्षिण अमेरिकेतील या फळभाजीच्या ज्या वाणांची पहिली तोडणी पुनर्लागणीनंतर सामान्यतः ५५ ते ६५ दिवसांत होते, त्यांना हळवे वाण म्हणतात. हळव्या वाणांचा पहिला फुलोरा खोडावर खालच्या पेऱ्याशीच येतो. पुष्कळसे हळवे वाण मर्यादित वाढीचे व झुडपासारखे असतात.

नागपूर जिल्ह्याच्या वायव्येस, मध्य प्रदेशाच्या सीमेवरील नरखेड तालुका संत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील परसबागेत हळवेपणाला विशेष मोल आहे, ते हवामानामुळे. दिवसाचे तापमान ३५° से.च्या वर जाऊ लागले व रात्रीही उकाडा राहिला की, टोमॅटोचे पराग निकामी होतात आणि फुले गळतात. तयार होणारी फळेही लाल न होता पिवळसर राहतात, कारण लायकोपीन हे रंगद्रव्य उष्णतेत नीट बनत नाही. नागपूर भागात मार्चच्या मध्यापासूनच असे ऊन लागते. त्यामुळे फळधारणेस अनुकूल काळ ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी एवढाच राहतो. सप्टेंबरात पेरलेले बहुतेक सर्व वाण या काळात साधतात. खरी कसोटी लागते ती जानेवारीच्या आरंभी केलेल्या दुसऱ्या लागणीची. हळवा वाण फेब्रुवारीच्या प्रारंभी फुलतो व त्याची फळे मार्चअखेरपर्यंत हाती येतात; गरवा वाण मार्चमध्ये फुलतो आणि त्याची पाने हिरवीगार दिसली, तरी फळे मोजकीच लागतात.

संकरज वाण हा दोन निवडक शुद्ध वाणांच्या संकराची पहिली पिढी असतो. मादी वाणाच्या कळीतील पुंकेसर फूल उमलण्यापूर्वी हाताने काढून टाकतात व तिच्यावर नर वाणाचे पराग घालतात. बी महाग पडते ते या कामामुळे. भारतात १९७३ मध्ये बंगलोरच्या इंडो-अमेरिकन हायब्रिड सीड्स या संस्थेने ‘कर्नाटक’ हा संकरज वाण विक्रीस आणला. ‘पुसा रुबी’ या जुन्या हळव्या वाणालाही अनेकदा संकरज समजतात. तो सू व सुधारित मेरुती यांच्या संकरातून निवडलेला असला, तरी स्थिर झालेला वाण आहे. हा भेद परसबागेत महत्त्वाचा ठरतो. पुसा रुबीच्या फळातील बी राखून पुढील वर्षी पेरता येते. संकरजाचे बी राखल्यास दुसऱ्या पिढीत लहानमोठी, हळवी-गरवी अशी मिश्र झाडे निघतात. उलट, पुसा रुबी पर्णगुच्छ रोगास सहज बळी पडतो, तर अनेक नव्या संकरजांत रोगप्रतिकारशक्ती आणलेली असते. एक ग्रॅम बियांत सुमारे ३०० बिया असतात आणि कुटुंबास दहा-बारा झाडे पुरतात. म्हणून संकरजाची पुडी शेजाऱ्यांनी वाटून घेणे किंवा रोपवाटिकेतून रोपे आणणे सोयीचे.

रोपे २५ ते ३० दिवसांची झाली की ६० × ४५ सेंमी. अंतरावर लावतात. तालुक्यातील भारी काळ्या जमिनीत पाणी साचते व मुळे कुजतात, त्यामुळे गादीवाफे करून त्यांत चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. मर्यादित वाढीच्या झाडास एक काठीचा आधार पुरतो. त्याचे फुटवे खुडू नयेत, कारण फळे त्यांवरच धरतात.

संत्र्याच्या आळ्यात मात्र टोमॅटो लावू नये. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत संत्र्याचे पाणी तोडून झाडास ताण देतात. टोमॅटोला त्याच वेळी नियमित पाणी लागते. पाण्यात खंड पडल्यास कॅल्शियम फळापर्यंत पोहोचत नाही व फळाचा तळ काळा पडून सडतो. कोरड्यानंतर एकदम भरपूर पाणी दिल्यास फळे तडकतात. शिवाय संत्र्यावर डिंक्या आणणारी फायटोप्थोरा निकोशियानी ही कवकसदृश जाती टोमॅटोच्या जमिनीलगतच्या फळांनाही सडवते, आणि ओल्या आळ्यात ती दोहोंकडे पसरते. विहिरीचे पाणी जपून वापरावे लागणाऱ्या या भागात वाफ्यावर गवताचे किंवा वाळल्या पानांचे आच्छादन घालणे हिताचे ठरते. त्याने ओल टिकते आणि फळे मातीला टेकत नाहीत.

पर्णगुच्छ रोगाचा विषाणू पांढरी माशी पसरवते. पाने आखडून वाटीसारखी झालेली झाडे दिसताच उपटून नष्ट करतात. फवारणीने ती बरी होत नाहीत. रोपे वाफ्यात असतानाच त्यांवर बारीक जाळीचे कापड ताणल्यास माशीपासून बचाव होतो. फळ पोखरणाऱ्या अळीसाठी कडेने झेंडू लावतात. पतंग त्याच्या कळ्यांवर अंडी घालतात व त्या वेळीच खुडून टाकता येतात.

घरच्या वापरासाठी फळे देठाशी लाली चढल्यावर तोडावी. अखेरची फळे एप्रिलच्या उन्हात झाडावर न ठेवता रंग फिरताच काढून घरातील सावलीत पिकवल्यास त्यांस चांगला लाल रंग येतो.